शेवाळकाकूंची काडेपेटी

या शहरात नव्यानं राहायला येणारा माणूस आधी एक छत्री विकत घेतो. ती पहिल्याच वळणावर उलटी झाली की मग तो शहाण्यासारखा शेवाळकाकूंचा पत्ता विचारतो. इथला पाऊस येतो-जातो असा नाही, तो राहतो. मधूनमधून चार दिवस बाहेरगावी जातो, तेवढंच.

शेवाळकाकू हे काही त्यांचं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. भाड्यानं घरं मिळवून देणं हा त्यांचा धंदा. कुठल्याही घरी गेल्या की सगळे जण दाराकडे जातात, काकू मात्र थेट घराच्या मागे. तिथल्या भिंतीवर शेवाळ आहे का, असलं तर किती वर चढलंय, ते नखानं खरवडून बघायचं आणि मगच पुढच्या दारानं आत शिरायचं. एकदा एका घरमालकानं वरून ओरडून विचारलं, “कोण आहे रे मागे?” तर काकूंच्या आधी गिऱ्हाईकच घाबरून पळालं. तेव्हापासून जे नाव पडलं ते पडलंच. काकूंनीही ते दारावरच्या पाटीवर लिहून घेतलं. म्हणाल्या, “लोक हाक मारणारच आहेत, तर निदान नीट अक्षरात तरी असू दे.”

काकूंचा पहिला नियम म्हणजे उन्हात घर दाखवायचं नाही. गिऱ्हाईक लांबून आलेलं असो, घाईत असो, पाया पडो, ऊन असलं की काकू ऑफिसला कुलूप लावून गाद्या वाळवायला घरी जायच्या. “उन्हात सगळीच घरं देखणी दिसतात हो,” त्या म्हणायच्या. “पाऊस आला की फोन करते, तेव्हा या. ओले व्हा, वैतागा, आणि मग ठरवा.”

दुसरी गोष्ट, नोकरी कुठे, पगार काय, माणसं किती, हे त्या मागाहून विचारायच्या. आधी प्रश्न एकच. “कपडे वाळत कुठे घालणार?” नवा माणूस गोंधळून बायकोकडे बघायचा, बायको छताकडे बघायची. मग काकू खुर्ची पुढे ओढून शहर समजावून सांगायला बसायच्या, आणि ते ऐकायला समोरचा चहावालाही किटली घेऊन दारात उभा राहायचा.

“हे बघा, टेकडी. हवा मोकळी, भिंती कोरड्या, माणसंही जरा कोरडीच. पण बस दोनदा बदलायची आणि वर चढ. गुडघे धड असतील तर जा. मग नवी वस्ती. तिथल्या खिडक्या बघून भुलू नका. ह्या एवढाल्या खिडक्या, आणि सगळ्या पाऊस ज्या दिशेनं येतो त्याच दिशेला! बांधणाऱ्यानं बहुतेक उन्हात नकाशा काढला असणार. गिरणीमागे राहिलात तर भोंग्यानं झोप मोडेल, पण घर ऊबदार राहील, लहान मूल असेल तर बरं. आणि राहिला नदीकाठ.”

नदीकाठाशी आल्या की काकू थोडं थांबायच्या. “नदीकाठ म्हणजे बाजार जवळ, स्टेशन जवळ, शेजारी जीवाला जीव देणारे. फक्त महिनाभर न घातलेल्या बुटात भूछत्र उगवतं. मी तिथेच राहते. पण तुम्ही जाऊ नका.”

माणूस बघून उपनगर द्यायचं, हे त्यांचं कसब. एक सारंगीवाला आला होता, त्याला नवी वस्ती फार आवडली. काकूंनी त्याला हाताला धरून टेकडीवर नेऊन बसवलं. “तुम्ही भिजलात तर वाळाल, सारंगी फुगली तर काय करणार?” तो आजही बाजारात भेटला की वाकून विचारपूस करतो. काकूंना अशी माणसं गावभर भेटायची, म्हणून अर्ध्या तासाची भाजी आणायला त्यांना दोन तास लागायचे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे काडेपेटी. खरं तर तिच्यासाठीच हे सगळं सांगतोय.

घर पसंतीला आलं की काकू पर्समधून कोरी काडेपेटी काढायच्या. गिऱ्हाइकासमोर एक काडी ओढून पेटवून दाखवायच्या, म्हणजे पेटी चांगली आहे याची खातरजमा. मग ती पेटी स्वयंपाकघरातल्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात ठेवून, घराला कुलूप लावून निघायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं आणि काडी ओढायची. “पहिलीला पेटली तर डोळे मिटून घर घ्या. दुसरीला पेटली तर भाडं कमी करून घ्या. तिसरीलाही नाही पेटली, तर घरमालकाला नमस्कार करा आणि चालायला लागा.” हल्ली काड्या वापरतं कोण? सगळ्यांकडे लायटर. कोपऱ्यावरचा दुकानदार एकट्या काकूंसाठी काडेपेट्यांचा पुडा मागवायचा. पास झालेल्या घरांतल्या पेट्या काकू घरी आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर रचून ठेवायच्या. फेकवत नसत. त्यांचा गॅस मात्र लायटरनंच पेटायचा.

आता काकूंचं स्वतःचं घर. तळमजला, दोन खोल्या, खिडकीतून नदी दिसते आणि कधीकधी नदीलाही काकू दिसतात. त्यांचे यजमान बस चालवायचे, डेपो जवळ म्हणून ही जागा घेतली. एका वर्षी घरात घोटाभर पाणी आलं, तेव्हा यजमानांनी विटा आणून कपाटाच्या चारी पायांखाली रचल्या, गवंडी लावतात तशी पातळी लावून, अगदी सरळ. ते गेले, विटा राहिल्या. काकू रोज केर काढताना त्या विटा फडक्यानं पुसायच्या. आणि खोकायच्या. खोकला जुना होता. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घसा गेलाय माझा, दुसरं काय!” सगळ्या शहराची ओल नखानं खरवडून बघणारी ही बाई, पण आपल्या उशामागची भिंत तिनं कधी बघितली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यांना एकच लेक. लग्न होऊन दूर, कोरड्या मुलखात गेलेली. तिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि लोक त्याचं कौतुक करतात. एके दिवशी तिचा फोन आला. “आई, माझी बदली झाली. तुझ्याच शहरात. आता घर बघ आमच्यासाठी.”

काकूंनी फोन ठेवला. मग चहावाल्याला बोलावून सांगितलं, मग दुकानदाराला, मग ज्याला सांगायचं काही कारण नव्हतं अशा पोस्टमनलासुद्धा. आणि योग बघा, त्याच आठवड्यात त्यांच्या शेजारची जागा रिकामी झाली. भिंतीला भिंत! काकूंनी घरमालकाला बजावून टाकलं, “ही जागा कुणाला दाखवायची नाही. लेक येतेय माझी.” त्या रात्री त्यांनी मनातल्या मनात त्या घरात पडदेसुद्धा लावून टाकले.

अडचण एकच होती. नात. पाच वर्षांची पिटुकली. गोड पोर, पण छाती नाजूक. जरा दमट हवा लागली की श्वासाला शिट्टी यायची. डॉक्टरांनी लेकीला सांगून ठेवलं होतं की ओलीत ठेवू नका. हे काकूंना ठाऊक होतं. टेकडीवर एक पूर्वेकडची, दुसऱ्या मजल्यावरची, खडखडीत कोरडी जागा मोकळी आहे, हेही ठाऊक होतं. तीन खोल्यांची, एक खोली जास्तीचीच. दुसरं कुणीही असतं तर काकू त्याला ओढत तिकडे घेऊन गेल्या असत्या. पण टेकडी म्हणजे दोन बसचा प्रवास. म्हणजे नात रविवारी भेटणार, तेही पाऊस फार नसला तर. काकू टेकडीबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत.

लेक, जावई आणि पिटुकली आले तेव्हा पाऊस नेमका बाहेरगावी गेलेला. लखलखीत ऊन. आणि काकूंनी काय करावं? जेवणं झाल्या झाल्या किल्ली घेतली आणि म्हणाल्या, “चला, घर बघून घेऊ.”

लेक जागची हलली नाही. “आई, ऊन आहे.”

“मग? उन्हात घर बघू नये असा कायदा आहे का?”

“कायदा तूच केलास ना!”

“घरच्या माणसाला कसला कायदा? चल.”

जावई भोळा, सरळ माणूस. घरी बसून नकाशे काढण्याचं काम करायचा. त्याला घर बेहद्द आवडलं. “आई, प्रकाश काय सुंदर येतो हो! आणि तुम्ही शेजारी. अजून काय पाहिजे?” पिटुकली रिकाम्या खोलीत गोल गोल धावत होती. काकूंनी घराच्या मागे जाऊन भिंत बघितली नाही. लेकीनं ते बघितलं. फक्त निघताना म्हणाली, “काडेपेटी?”

काकूंनी पर्स चाचपली. “ठेवू की. त्यात काय.” पर्समधून पेटी काढली, एक काडी ओढली, पेटली. पेटी आतल्या कोपऱ्यात ठेवून त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या घरी दारामागच्या खिळ्याला अडकवली.

संध्याकाळी पाऊस परत आला, राहिलेला हिशेब चुकवायला आल्यासारखा. काकू दूध आणायला म्हणून बाहेर पडल्या आणि दुकानातून अजून एक कोरी काडेपेटी घेऊन आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी ती पर्सच्या तळाशी ठेवली. कशासाठी, ते सांगायला नकोच. उद्या आत पाऊल टाकायचं, पदराआड पेट्यांची अदलाबदल करायची, काडी भस्सकन पेटणार, आणि लेक जन्मभर भिंतीपलीकडे. एवढं सोपं होतं.

घरी आल्या तर पिटुकली त्यांच्याच बिछान्यावर झोपली होती. काकू तिच्याजवळ बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं. आणि ऐकलं. बारीक, ताणलेली शिट्टी. श्वास आत जाताना नाही, बाहेर येताना. काकूंनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या मोठ्यानं म्हणाल्या, “थू तुझ्या जिनगानीवर.”

“काय झालं आई?” आतून लेकीनं विचारलं.

“काही नाही. पाऊस म्हटलं जोरात आहे.”

त्यांनी ठरवलं. अदलाबदल नाही. उद्या काडी जे सांगेल ते. आणि काडी काय सांगणार हे त्यांना आजच माहीत होतं. लेक टेकडीवर जाणार. जाऊ दे. रविवार तर रविवार.

सकाळी सगळे शेजारच्या घरात गेले. काकूंनी कुलूप उघडलं, आतल्या कोपऱ्यातून पेटी उचलली आणि उचलताच त्यांचा हात थबकला. ओलीत रात्र काढलेली पेटी हाताला मऊ लागते, कडा दबतात. ही पेटी कडक होती. त्यांनी ती उलटी करून बाजूची घासायची पट्टी बघितली. काल त्यांनीच एक काडी ओढली होती, तिचा ओरखडा असायला हवा होता. पट्टी कोरी करकरीत.

“ओढा ना आई,” जावई म्हणाला.

काकूंनी काडी ओढली. भस्सकन पेटली.

“वा! पहिल्याच काडीला!” जावयानं टाळी वाजवली. “डोळे मिटून घ्यायचं ना?”

“चला, ठरलं तर,” लेक घाईघाईनं म्हणाली. ती आईकडे न बघता खिडकीकडे बघत होती आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी खोटं बोलली की व्हायच्या तशाच. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. काकूंना काय ते कळलं.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “पिटुकलीला घेऊन जरा चहावाल्याकडे जा. त्याला म्हणावं, बिस्कीट आजीच्या खात्यावर.”

तो गेल्यावर काकूंनी पेटी लेकीपुढे धरली. “कुणाची ही?”

“तुझीच.”

“माझ्या पेटीला ओरखडा असतो. मला शिकवतेस?”

लेक एकदम भडकली. “हो, मी बदलली! पहाटे किल्ली घेतली आणि बदलली. मग काय करू? गेली कित्येक वर्षं मी फोनवर तुझा खोकला ऐकतेय. आधी वाक्याच्या मध्ये यायचा, आता शब्दाच्या मध्ये येतो. आणि तू म्हणतेस घसा बसलाय! बदली काय आपोआप झाली वाटतं तुला? मागून घेतलीय मी. साहेबांच्या नाकी नऊ आणले तेव्हा मिळालीय.”

“आणि पोरीची छाती?”

“तिचं औषध आहे माझ्याकडे. तिला रात्री उठून बघायला मी आहे, तिचा बाप आहे. तुला रात्री उठून बघायला कोण आहे, आई?”

काकूंनी पर्स उघडली, तळातली प्लास्टिकची पिशवी काढली आणि त्यातली दुसरी कोरी पेटी लेकीच्या हातात ठेवली.

“हे काय?”

“मीपण आणली होती. बदलायला.”

लेकीनं एका पेटीकडे बघितलं, मग दुसरीकडे. आधी ती हसली. मग काकू हसल्या. मग दोघी रिकाम्या घरात भिंतीला टेकून इतक्या हसल्या की काकूंना खोकल्याची उबळ आली आणि लेक त्यांची पाठ चोळता चोळता रडायला लागली. “खाण तशी माती,” काकू खोकत म्हणाल्या. “दुसरं काय होणार!”

उबळ थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि धंद्याचा आवाज लावला. “आता ऐक. टेकडीवर एक जागा आहे. पूर्वेकडची, दुसरा मजला. काल सांगायला हवी होती, सांगितली नाही. तुम्ही तिथे जायचं. पोरीच्या श्वासापुढे म्हातारीचे लाड नकोत. विषय संपला.”

“संपला नाही,” लेक म्हणाली. ती आईचा हात धरून तिला शेजारी, त्यांच्याच घरात घेऊन गेली. स्वयंपाकघरात. फळीवर वर्षानुवर्षांच्या पेट्या रचलेल्या होत्या. प्रत्येक पेटी कुणाच्या तरी कोरड्या घरातून पास होऊन आलेली. लेकीनं वरचीच एक उचलली. तिच्या बोटांखाली पेटीच्या कडा दबल्या. पहिली काडी ओढली, तिचं टोक गळून पडलं. दुसरी ओढली, तिनं पट्टीवर नुसती तांबडी रेघ उमटवली.

“अगं, ती पेटी जुनी आहे,” काकू म्हणाल्या. “दुसरी घे.”

लेकीनं दुसरी पेटी घेतली नाही. तिसरी काडी काढून तिनं हळूच ओढली. काडी मधोमध वाकली, मोडलीसुद्धा नाही.

“तिसरीलाही नाही पेटली तर काय करायचं असतं, आई?”

काकू खाली बघत राहिल्या. “घरमालकाला नमस्कार करायचा.”

“घरमालक कोण?”

“मीच.”

लेकीनं पदर सावरला, वाकून आईच्या पायांना हात लावला आणि सरळ उभी राहून म्हणाली, “केला नमस्कार. चल आता.”

काकूंनी तोंड फिरवलं. त्या कपाटाकडे वळल्या. “त्यांनी विटा लावल्यात गं,” त्या म्हणाल्या. “स्वतःच्या हातानं. त्या टाकून मी कशी येऊ?”

“टाकून कोण म्हणतंय?”

टेकडीवरची जागा काकूंनी भर पावसात बघितली, गिऱ्हाईक म्हणून. इतकं छळवादी गिऱ्हाईक त्या घरमालकाच्या नशिबी आधी आलं नसेल. कपाटात नाक घातलं, खिडक्यांच्या फटीत बोट घातलं, कपडे वाळत कुठे घालायचे ते पुन्हा पुन्हा विचारलं, आणि चढण फार आहे म्हणून कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी काडी आपणच ओढणार असा पिटुकलीनं हट्ट धरला, तेव्हा तिचा हात काकूंनी आपल्या हातात धरला. पहिल्याच काडीला पेटली. काकूंनी ती फुंकली नाही, बोटांपाशी येईपर्यंत बघत राहिल्या.

ऑफिस अजून खालीच आहे, काकू दोन बस बदलून रोज येतात आणि चढणीला शिव्या घालतात. नव्या माणसाला टेकडीबद्दल सांगताना “माणसंही जरा कोरडीच” हे वाक्य मात्र त्यांनी गाळलंय. खोकला पुरता गेला नाही, पण आता तो वाक्य संपेपर्यंत थांबतो.

त्यांच्या घरी गेलात तर आतल्या खोलीत बघा. दुसरा मजला आहे, नदी तिथून बोटाएवढी दिसते, पाणी तिथवर चढायचं म्हटलं तर आधी सगळं शहर बुडायला हवं. तरीही कपाटाच्या चारी पायांखाली विटा आहेत. जावयानं पातळी लावून रचल्यात, अगदी सरळ. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कशाला? काकू फडक्यानं वीट पुसत म्हणतात, “असू देत. घर आमच्या ह्यांनाही बघायचं होतं.”